सगळ्यात लहान सोनं

लेंगऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं
मी एक धडा शिकवला, ज्यात चित्र पाचदा बदलतं.

पहिलं सोपं. खडूनं एक गोल काढायचा,
म्हणायचं, हा अणू, फुटत नाही.
उरलेल्या वेळात पोरांना सांगायचो
रानात सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या ऋषीचं.
त्याला म्हणे झरोक्याच्या उन्हात एक कण तरंगताना दिसला.
तो म्हणाला, याचे सहा भाग कर, मग थांब.
पुढं सुरी चालत नाही.

आबा हसले होते यावर.
आबा गलाईवाले. मदुरेत, सेलमला
सराफाच्या दुकानातला केर विकत घ्यायचा,
जाळायचा, धुवायचा, मुशीत वितळवायचा,
सतरंजीत अडकलेलं सोनं सोडवायचं.
"सहाच भाग? आमी केराचंबी जास्त करतो."

एका दिवाळीत मागच्या परड्यात
त्यांनी जुनी बुगडी काचेच्या भांड्यात टाकली,
वरून दोन आम्लं. लाल धूर निघाला, आई खोकत आत गेली.
पिवळं पाणी उरलं. सोनं कुठंच नाही.
मग कसलीशी पूड सोडली, आणि तळाशी
तपकिरी गाळ बसला, ओढ्याला असतो तसा.
"ह्ये सोनं. दिसंना म्हणून न्हाई म्हणू ने.
काट्याला इचार."

काट्याला विचारूनच दुसरं चित्र निघालं होतं,
दोनशे वर्षांमागं, दूरच्या पावसाळी गावातल्या
एका शाळामास्तराच्या वहीत:
वर्तुळं, कुणात टिंब, कुणात रेघ,
प्रत्येकाला त्याचं त्याचं वजन.
मास्तर होता, याचं मला बरं वाटायचं.

तिसरं कलिंगडाचं. येरळेच्या वाळूतलं,
लाल गरात काळ्या बिया.
हे पोरांना परीक्षेत हमखास आठवायचं.

चौथ्यात सोनं येतं.
सोन्याचा वर्ख, त्यावर सोडलेले कण,
जवळजवळ सगळे सरळ आरपार.
हजारोंत एखादा मात्र भिंतीला थडकल्यागत मागं आला.
नौशाद शिकलगारनं हात वर केला:
"सर, म्हणजे सोनं आतनं मोकळंच?"
मी त्याला खिडकीशी नेलं.
आपल्या आळीत घरं किती? चाळीस.
कुलपं? छत्तीस.
तीन-तीन मजले, पिस्ता रंग, गच्चीवर सिमेंटचे सिंह,
माणसं सगळी मदुरेला, सेलमला,
आणि किल्ल्यांचा जुडगा एकट्या आक्काताई सुर्व्यांच्या कमरेला.
"आता गाव नाही म्हणशील?"
तो बराच वेळ कुलपं मोजत राहिला.

पाचवं चित्र मला नीट काढता आलं नाही.
तिथं रेघ नाही, फिरण्याची वाट नाही,
नुसता ढग, कुठं दाट, कुठं विरळ.
इथं असण्याची शक्यता जास्त, तिथं कमी.
वर्ग गप्प व्हायचा. मला मात्र आई आठवायची.
पोस्टमन विचारायचा, मालक कुठं असतात सध्या?
पदराला हात पुसत ती म्हणायची,
"मदुरेत असतील. नाहीतर सेलमला.
जत्रेला हितं असतील बहुतेक."

आबा गेल्यावर त्यांची बसायची सतरंजी
आम्ही रीतीप्रमाणं जाळली, राख धुतली.
खसखशीएवढं सोनं निघालं.
मी पेन्सिल घेऊन बसलो:
तीन, आणि त्यावर एकोणीस शून्यं.
एवढे अणू, एका माणसाच्या बैठकीतले.

शेवटच्या आजारात त्यांनी विचारलं होतं,
सगळ्यात लहान सोनं केवढं.
मी म्हणालो, एक अणू.
"पिवळं आसतंय का त्ये?"
नाही, आबा. एकटा असला की रंग नसतो.
"चमक?"
तीही नाही.
त्यांनी कूस बदलली.
"मग त्याला सोनं कशावरनं म्हणतोस?"

मी धड्यातलं उत्तर दिलं: एकोणऐंशी.
ते ऐकत होते की झोपले होते,
सांगता येत नाही.